फरक ओळखा : बाटलीवरच्या कागदाचा इतिहास

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा 'ओला' आहे. बिअरच्या बाटल्यांवरची जुनी लेबलं. बाटल्या नाहीत, आतली बिअर तर नाहीच नाही, फक्त वरचा कागद. गेली साडेतीन वर्षं मी ही लेबलं जमवतोय आणि आजच्या तारखेला माझ्याकडे ३४२ आहेत. बहुतेक ब्रिटिश, थोडी अमेरिकन आणि अलीकडे काही भारतीय. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला लोक 'अरे वा, छान छंद' म्हणतात, नाणी जमवणाऱ्याला 'किती किंमत येईल रे याची?' विचारतात आणि मला विचारतात, 'सगळ्या तूच रिकाम्या केल्यास काय?' आईला तर हा छंद नातेवाईकांना काय म्हणून सांगावा हेच अजून कळलेलं नाही. ती 'जुने छापील कागद जमवतो' असं सांगून मोकळी होते. खरं म्हणजे ही व्याख्या अगदी अचूक आहे.

या छंदाला इंग्रजीत 'लेबॉलॉजी' असं भारदस्त नाव आहे, आणि ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस 'लेबॉलॉजिस्ट्स सोसायटी' नावाची रीतसर संस्थाही निघाली. तेव्हा मी एकटाच वेडा नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

नुसतं जमवण्यातली मजा पहिल्या पन्नासेक लेबलांपर्यंत टिकते. मग डुप्लिकेट यायला लागतात. आणि एके दिवशी लक्षात येतं की ते डुप्लिकेट नाहीतच. एकाचा त्रिकोण किंचित गडद आहे. एकावर बाटली भरणाऱ्याचं नाव दोन मिलिमीटर खाली सरकलंय. एकावर स्वल्पविराम आहे, दुसऱ्यावर नाही. लहानपणी रविवारच्या पुरवणीत 'दहा फरक ओळखा' असायचं ना, अगदी तसं. फक्त इथे उत्तरं पान सातवर उलटी छापलेली नसतात.

मी यासाठी एक सोपी युक्ती वापरतो. दोन्ही लेबलं मोठ्या रेझोल्यूशनला स्कॅन करायची, कॉम्प्युटरवर एकावर एक बसवायची आणि आळीपाळीने भराभर दाखवायची. जे सारखं आहे ते स्थिर राहतं, जे वेगळं आहे ते डोळा मारल्यासारखं लुकलुकतं. ही युक्ती माझी नव्हे. आकाशाच्या दोन दिवशी काढलेल्या फोटोंच्या काचा अशाच आळीपाळीने बघून क्लाइड टॉम्बॉने १९३० मध्ये प्लूटो शोधला होता. तिथे एक हलणारा ठिपका म्हणजे अख्खा ग्रह निघाला. माझ्याकडे मात्र हलणारा ठिपका बहुतेकदा शाईचा शिंतोडा निघतो.

आणि खरी अडचण नेमकी हीच आहे. फरक सापडणं सोपं, त्याचा अर्थ लावणं कठीण. दोन फाइलींचा डिफ काढल्यावर दोनशे ओळी बदललेल्या दिसतात, त्यातल्या एकशे नव्वद नुसत्या स्पेस आणि टॅबच्या असतात, आणि उरलेल्या दहांत खरा बदल लपलेला असतो. लेबलांचंही तसंच. कुठला फरक इतिहास आहे आणि कुठली नुसती सांडलेली शाई? हे ठरवायचं तर आधी हे कागद मुळात का छापले गेले, तिथपर्यंत मागे जावं लागतं.

तर चला इंग्लंडमध्ये, बर्टन-अपॉन-ट्रेंट नावाच्या गावी. १७७७ मध्ये विल्यम बास नावाच्या माणसाने तिथे ब्रुअरी काढली. त्याआधी तो मालवाहतुकीच्या धंद्यात होता आणि इतरांची बिअर वाहून नेत होता. (वाहतूक करता करता माल कशात आहे हे कळलेला माणूस!) या गावाचा आपल्याशी जुना संबंध आहे. हिंदुस्थानातल्या गोऱ्यांना लागणारी 'पेल एल' आधी लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीतून यायची. १८२० च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉपने आणि पाठोपाठ बासने त्या बाजारात हात घातला. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे तिथली फिकट रंगाची, कडवट बिअर जास्त चांगली उतरायची. मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या बंदरांत ही पिंपं उतरायला लागली आणि बर्टन श्रीमंत झालं. १८७७ पर्यंत बास ही जगातली सगळ्यात मोठी ब्रुअरी झाली होती, वर्षाला सुमारे दहा लाख पिंपं!

आता एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्या काळात ब्रुअरी स्वतः बाटल्या फारशा भरत नसे. ब्रुअरी पिंप विकायची. गावोगावचे वाइन मर्चंट, खानावळवाले आणि निर्यातदार ते पिंप विकत घेऊन आपापल्या तळघरात बाटल्या भरायचे. १८४५ मध्ये ब्रिटनमधला काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि बाटल्यांचा धंदा वाढला. म्हणजे बिअर बनवणारा एक, बाटली भरणारा दुसरा, विकणारा तिसरा आणि पिणारा चौथा. बाटली गडद रंगाची, आत काय आहे ते दिसत नाही. पिणाऱ्याने विश्वास ठेवायचा तो कशावर? वरच्या कागदावर.

म्हणून कागदाला किंमत आली, आणि ज्याला किंमत येते त्याची नक्कल होते. स्वस्तातली कुठलीही बिअर बाटलीत भरा, वर लाल त्रिकोण चिकटवा आणि बासच्या भावाने विका. १८६२ च्या कायद्याने खोट्या व्यापारचिन्हाला गुन्हा ठरवलं होतं खरं, पण चिन्ह मुळात कुणाचं हे कुठे नोंदलेलंच नव्हतं. दर वेळी कोर्टात पहिल्यापासून सिद्ध करत बसायचं. शेवटी १८७५ मध्ये व्यापारचिन्हं नोंदवायचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८७६ पासून नोंदणी सुरू झाली. ब्रिटनमधलं नोंदणीकृत व्यापारचिन्ह क्रमांक १ म्हणजे बासचा लाल त्रिकोण. क्रमांक २ सुद्धा बासचंच, त्यांच्या कडक बिअरवरचा लाल चौकट-इस्पिकातला चौकट. बासचा एक माणूस थर्टीफर्स्टच्या रात्रभर कचेरीच्या दारात बसून होता अशी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, आयपीएल तिकिटांच्या आणि शाळाप्रवेशांच्या रांगा बघितलेल्या आपल्यासारख्यांना ती पटायला हरकत नाही.

हा त्रिकोण एव्हाना इतका ओळखीचा झाला होता की एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने १८८२ मध्ये पूर्ण केलेल्या 'फोली-बर्जेरचा बार' या चित्रात तो आहे. बारमागे उभी असलेली ती उदास मुलगी सगळ्यांना आठवते. पुढच्या वेळी ते चित्र बघाल तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंच्या बाटल्यांकडे बघा. लेबलावरचं अक्षर न् अक्षर वाचावं लागत नाही, लाल त्रिकोण दिसला की काम झालं. आणि चिन्हाचा खरा उपयोग तोच होता. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते ओळखता यायला हवं.

नोंदणी झाली, पण गावोगावच्या तळघरात लक्ष कोण ठेवणार? इथे डब्लिनच्या गिनेसची व्यवस्था मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. त्यांनी बाटली भरणाऱ्याशी करार केला : आमच्याखेरीज दुसरी कुठलीही काळी स्टाउट बाटलीत भरणार नसाल, तरच आमचं हार्पचं लेबल मिळेल. आणि लेबल छापून आम्हीच देऊ, तुमच्या नावपत्त्यासकट. म्हणजे बाटलीत भेसळ निघाली तर लेबलावर लिहिलेलंच आहे की ही कुणाकडे भरली गेली. ऑथेंटिकेशन आणि लॉगिंग, दोन्ही एकाच कागदावर, आणि तेही एकोणिसाव्या शतकात!

याचा परिणाम असा की एकाच गिनेस लेबलाच्या हजारो आवृत्त्या झाल्या. मधला भाग तोच, फक्त खालचं नाव वेगळं. वेल्समधल्या कुठल्याशा खेड्यातला किराणावाला, आयर्लंडमधला पबवाला, लिव्हरपूलचा निर्यातदार. यातल्या बहुतेकांची दुकानं गेली, घराणी पांगली, पण नाव त्या बदामी अंडाकृती कागदावर राहिलं. मला स्वतःला या छंदात सगळ्यात मोलाचं काही वाटत असेल तर ते हेच. मोठ्या कंपनीचा इतिहास लिहायला पगारी लोक असतात. खेड्यात पिंप फोडून बाटल्या भरणाऱ्याचा इतिहास म्हणजे फक्त हा कागद.

हे झालं कशासाठी छापलं याबद्दल. आता कसं छापलं. (कंटाळा आला असेल तर एक चहा घेऊन या, पण हा भाग गाळू नका, गंमत इथेच आहे.)

एकोणिसाव्या शतकातली रंगीत लेबलं बहुतांशी शिळाछापाची, म्हणजे लिथोग्राफीची. सेनेफेल्डर नावाच्या जर्मन माणसाने १७९६ च्या सुमारास ती शोधली. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा गुळगुळीत चुनखडीचा दगड घ्यायचा, त्यावर तेलकट शाईने चित्र काढायचं, दगड ओला करायचा. जिथे चित्र तिथे पाणी ठरत नाही, जिथे पाणी तिथे शाई ठरत नाही. मग कागद दाबला की छाप तयार. दर रंगाला वेगळा दगड. आपल्याकडे राजा रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचली ती याच तंत्राने. त्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. श्लायशरने देवादिकांच्या जोडीला तिथे मालाची लेबलं आणि जाहिरातीही छापल्या. १९७२ च्या आगीत तो छापखाना जळाला. म्हणजे देवघरातली तसबीर आणि बाटलीवरचं लेबल ही छपाईच्या दृष्टीने चुलतभावंडंच. (हे वाक्य आईला वाचून दाखवलेलं नाही.)

तर लेबल असतं लहान आणि छापायची असतात लाखो. एका दगडावर एकच चित्र काढून परवडणार नाही. म्हणून मूळ चित्र एका लहान दगडावर काढायचे. त्याचे छाप एका खास कागदावर घेऊन ते मोठ्या दगडावर ओळीने उमटवायचे, बारा, चोवीस, जितके मावतील तितके. मग एका दाबात तेवढी लेबलं. पण उमटवताना दर वेळी काहीतरी बारीक घडायचंच. कुठे धुळीचा कण, कुठे अक्षराचा पाय तुटला, कुठे कागदाला सुरकुती पडून रेघ वाकडी झाली. त्या जागेवरून जितकी लेबलं निघतील त्या सगळ्यांवर तो दोष छापला जाणार. तिकिटं जमवणाऱ्यांना हे पाठ असतं. आपल्या देशाची १८५४ ची पहिली तिकिटं कलकत्त्यात अशीच दगडावर छापली होती. त्यातल्या चार आण्याच्या तिकिटाची लाल चौकट आणि निळं डोकं वेगवेगळ्या वेळी छापलं, आणि काही तिकिटांवर राणी व्हिक्टोरिया चक्क खाली डोकं वर पाय झाली. ती तिकिटं आज मोठमोठ्या लिलावांत जातात.

याचा मला झालेला उपयोग सांगतो. माझ्याकडे एका छोट्या इंग्लिश ब्रुअरीची दोन लेबलं आहेत. बाटली भरणारा एकच, पण एकावर पत्ता एका रस्त्याचा, दुसऱ्यावर दुसऱ्या रस्त्याचा. म्हणजे माणसाने दुकान हलवलं. आधी कुठे होता आणि नंतर कुठे? तारीख कुठेच नाही. लुकलुक युक्ती लावली तर पत्ता लुकलुकला, ते अपेक्षितच होतं, आणि नाव थोडं सरकलेलं दिसलं. नाव सरकणं म्हणजे निव्वळ शाई. रंगीत लेबलांचा साठा करून ठेवायचा आणि नावं नंतर काळ्या शाईत साध्या खिळ्यांनी टाकायची अशी पद्धत होती, तेव्हा ते इकडेतिकडे होणारच. पण दोन्हींवर एका अक्षराच्या पायाशी तोच एक बारीक ठिपका होता, तंतोतंत त्याच जागी. म्हणजे दोन्ही लेबलं मोठ्या दगडाच्या एकाच घरातून निघालेली. आणि दुसऱ्या लेबलावर त्या ठिपक्याखेरीज किनारीतून जाणारा केसासारखा एक ओरखडाही होता. छापता छापता दगडावर ओरखडा वाढतो, आपोआप भरून येत नाही. म्हणून बिनओरखड्याचं लेबल आधीचं, ओरखड्याचं नंतरचं. दगड घासून नवं चित्र उमटवलं असतं तर तो ठिपकाही गेला असता, आणि तो तर जागेवर आहे. झाला निकाल! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका दुकानदाराने कुठून कुठे बिऱ्हाड हलवलं हे पुण्यात रात्री पावणेदोनला कळलं. कुणाला फोन करून सांगावं असं वाटलं, पण कुणाला सांगणार?

थोडक्यात, ज्याला मी 'शाई' म्हणून बाजूला टाकत होतो त्यातूनच 'इतिहास' मिळाला. डिफमधल्या स्पेस-टॅबसुद्धा कमिट कुणाच्या मशीनवरून आलं हे सांगून जातात, तसं.

मात्र सगळे फरक असे उपकारक नसतात. भिजवून काढलेलं लेबल मोजायला घेऊ नका. कागद ओला झाला की तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो आणि बाटलीला चिकटून ताणात वाळला तर पुरता पूर्ववत होत नाही. मिलिमीटरभर मोठं लेबल ही वेगळी आवृत्ती नसून बादलीची करामत असू शकते. उन्हाने लाल रंग आधी उडतो, तेव्हा 'दुर्मिळ गुलाबी त्रिकोण' बघितला तर आधी ती बाटली खिडकीत होती का ते विचारा.

याउलट काही फरक थेट कायद्यातून आलेले असतात, आणि ते सोन्यासारखे. माझा आवडता नमुना म्हणजे बुचावरची कागदी पट्टी. ब्रिटनमध्ये पोराला घरची बिअर आणायला पिटाळायची पद्धत होती. पोरगं वाटेत दोन घोट घ्यायचं. १९०१ मध्ये कायदा आला की चौदा वर्षांखालच्या मुलाच्या हाती बिअर द्यायची तर बूच लावून, सील केलेल्या भांड्यातच द्यायची. मग बुचावरून बाटलीच्या गळ्यावर उतरणारी पट्टी आली. बूच फिरवलं की ती फाटते, म्हणजे घरी बापाला कळतं! एवढ्याशा कागदाच्या पट्टीत एका काळातलं अख्खं घर दिसतं मला. दूध आणायला पाठवल्यावर वाटेत साय खाल्लेल्यांना हे विशेष कळेल.

अमेरिकेत तर तारखा लावणं आणखी सोपं. १९२० ते १९३३ तिथे दारूबंदी होती. बंदी उठल्यावर सुरुवातीच्या वर्षांत लेबलावर ब्रुअरीचा परवाना क्रमांक छापायचे, तो 'यू' अक्षराने सुरू व्हायचा. १९३५ पासून 'इंटर्नल रेव्हेन्यू टॅक्स पेड' हे चार शब्द आले आणि १९५० मध्ये गेले. त्यामुळे हे चार शब्द असतील तर लेबल या पंधरा वर्षांतलं, डोळे मिटून. आणि आरोग्याचा सरकारी इशारा असेल तर १९८९ किंवा नंतरचं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कागदावर नियंत्रण आलं आणि लेबलं अंग चोरून बसल्यासारखी लहान झाली. युद्धाचा इतिहास मी शाळेत मार्कांपुरता वाचला होता. अर्ध्या आकाराचं लेबल हातात घेतल्यावर तो पहिल्यांदा चिमटा काढून गेला.

एक फरक तर खुद्द देशाने केलाय. हार्प हे आयर्लंडचं जुनं चिन्ह, पण गिनेसने ते १८७६ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून टाकलं होतं. १९२२ मध्ये आयरिश फ्री स्टेट स्थापन झालं तेव्हा नव्या सरकारलाही हार्पच हवा होता. मग काय? सरकारचा हार्प आरशात बघितल्यासारखा उलटा! गिनेसच्या हार्पची सरळ बाजू डावीकडे, सरकारच्या हार्पची उजवीकडे. आयर्लंडचं एक युरोचं नाणं आणि गिनेसचा कॅन शेजारी ठेवून बघा. बिअरच्या लेबलाला वाट देऊन राष्ट्राचं चिन्ह वळलं, असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता नकलांबद्दल. बाससाठी नक्कल करायचे ते बिअर खपवायला. आज नक्कल होते ती लेबलच खपवायला. मध्यंतरी एका विक्रेत्याने मला '१८८० च्या दशकातलं, न वापरलेलं' असं एक लेबल देऊ केलं, किंमत माझ्या अर्ध्या पगाराची. मी फक्त भिंगाखालचा क्लोजअप फोटो मागवला. त्यात रंगांचे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल रचनेत बसलेले दिसत होते. ती चार रंगांच्या आधुनिक छपाईची खूण, १८८० च्या दशकात अशी लेबलं छापतच नव्हते. शिळाछापाचे ठिपके हाताने दिलेले, म्हणून वेडेवाकडे. खिळ्यांनी छापलेल्या अक्षराच्या कडेला शाई दाबून बाहेर सरकल्याची गडद किनार दिसते. आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला तर तो साधारण १९५० नंतरचा, कारण कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमकदार रसायनं त्या सुमारास आली. भिंग तीनशे रुपयांना मिळतं, टॉर्च त्याहून स्वस्त. जुनं छापील काहीही विकत घेत असाल तर हे दोन्ही घ्याच.

हे सगळं जिथे सुरू झालं ते बर्टन मी बघून आलोय. ऑनसाइटला डर्बीत होतो, तिथून रेल्वेने जेमतेम पाव तास. गावात उतरल्यावर बिअरचा नाही, मार्माइटचा वास येतो, ब्रुअरीच्या उरलेल्या यीस्टपासून करतात तो खारट काळा लेप. माझी खरी इच्छा होती नॅशनल ब्रुअरी सेंटर बघायची, बासच्या जुन्या आवारातलं संग्रहालय. पण ते ऑक्टोबर २०२२ मध्येच बंद झालं होतं. बासचा बिअरचा धंदा २००० मध्ये बेल्जियमच्या इंटरब्रूला विकला गेला, आता लाल त्रिकोण एबी इनबेव्ह या महाकाय कंपनीकडे आहे. आणि मूळ बास कंपनी? ती नावं बदलत बदलत इंटरकॉन्टिनेंटल हॉटेल्स झाली. बिअर एकीकडे, कंपनी दुसरीकडे. बंद फाटकापाशी उभं राहून मला वाटलं, उद्या संग्रहालयंही टिकली नाहीत तर हे कागद कुठे राहणार? तर आमच्यासारख्या येड्यांच्या फायलींत.

परत आल्यावर मी भारतीय लेबलांकडे वळलो. आपल्याकडची जुनी ब्रुअरी म्हणजे एडवर्ड डायरने १८५५ मध्ये कसौलीला काढलेली, पुढे ती सोलनला गेली. (जालियनवाला बागेतला जनरल डायर हा याच एडवर्डचा मुलगा.) तिची लायन बिअर. कंपनीचं नाव डायर मीकिन, १९४९ मध्ये एन. एन. मोहन यांनी ती घेतली, १९६६ मध्ये नाव मोहन मीकिन ब्रुअरीज झालं आणि १९८० मध्ये 'ब्रुअरीज' हा शब्द गळाला. म्हणजे लेबलावर कंपनीचं नाव बघितलं की काळ सांगता येतो.

पण आपली खरी खासियत आहे राज्यवार लेबलं. दारू हा घटनेनुसार राज्यांचा विषय, दर राज्याचं उत्पादनशुल्क खातं आपापल्या हद्दीतली लेबलं स्वतंत्रपणे मंजूर करतं. त्यामुळे तीच बिअर, तोच महिना, पण एकावर 'फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी' आणि दुसरीवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी'. परदेशी संग्राहकांना हे समजावताना घाम फुटतो. त्यांना वाटतं एक देश, एक लेबल! त्यांना काय सांगू, गोव्याहून सुखाने परतणाऱ्याची गाडी इन्सुलीच्या नाक्यावर अडवली की पोलीस आधी तीच ओळ वाचतात. बासच्या काळी लेबल सांगायचं की बिअर कुणाची. आपल्याकडे ते सांगतं की बिअर कुठे असायला हवी होती. २०१९ पासून त्यात 'मद्यपान आरोग्यास हानिकारक' हा इशारा सक्तीचा झाला, तेव्हा त्याआधीची आणि नंतरची अशी प्रत्येक लेबलाची जोडी आपोआप तयार झाली. आणखी पन्नास वर्षांनी कुणीतरी त्यावरूनच तारखा लावेल.

माझ्याकडे अशा महाराष्ट्र-गोवा जोड्या सध्या एकोणीस आहेत. ट्रिपला जाणाऱ्या मित्रांना मी काजू आणायला सांगत नाही, रिकामी बाटली आणा म्हणतो. 'डायर मीकिन' छापलेलं लेबल मात्र एकही मिळालेलं नाही. पुण्यात असेन त्या रविवारी जुन्या बाजारात चक्कर असतेच. तुमच्या आजोबांच्या माळ्यावर अशी एखादी बाटली धूळ खात पडली असेल तर कृपा करून ती घासून धुऊ नका.